भाकरी पुरण्याआधीचे आभार

जहाजावर २७६ माणसे आहेत. चौदा रात्री वादळ चालले आहे, कोणाच्या पोटात धड अन्न नाही, जहाजाचे सामान समुद्रात फेकून झाले आहे, आणि पुढे किनारा आहे की खडक हे अंधारात कोणालाच कळत नाही. उजाडता उजाडता एक कैदी उठतो, सगळ्यांना दोन घास खाऊन घ्यायला सांगतो, हातात भाकरी घेतो, सर्वांसमोर देवाचे आभार मानतो, भाकरी मोडतो आणि खायला लागतो. त्याचे पाहून बाकीच्यांनाही धीर येतो आणि तेही खातात. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सत्ताविसाव्या अध्यायातला हा कैदी म्हणजे पौल. पुढे जहाज फुटते आणि सगळी माणसे माल्टा बेटाच्या किनाऱ्याला जिवंत लागतात. पण पौलाने आभार मानले तेव्हा यातले काहीही घडलेले नव्हते. कोणाचाही जीव जाणार नाही असे देवाचे वचन त्याला मिळाले होते, हे खरे. डोळ्यांसमोर मात्र नुसते पाणी होते.

ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या कृतज्ञतेबद्दल या संग्रहात जे काही आहे, ते मला या एका न्याहारीत दिसते. आपण सहसा काम झाल्यावर आभार मानतो. दुखणे बरे झाले, मुलगी पास झाली, कर्ज फिटले, की मंडळीत उपकारस्तुतीचे अर्पण द्यायचे आणि पाळकांनी नाव वाचून दाखवायचे. ही रीत चांगलीच आहे, ती मोडावी असे कोणी म्हणणार नाही. पण पवित्र शास्त्रातले मोठे आभार निकालाच्या आधी येतात. पाच भाकरी आणि दोन मासळ्या हजारो लोकांना पुरतील हे दिसण्याआधी येशू आभार मानतो. लाजर कबरेतून बाहेर येण्याआधी तो पित्याचे आभार मानतो. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले, त्या रात्री तो भाकरी घेऊन आभार मानतो. योना माशाच्या पोटातूनच आभारगीत म्हणतो. देणगी अजून हातात आलेली नाही, देणारा मात्र ओळखीचा आहे, एवढ्या भरवशावर हे आभार उभे असतात.

हे ध्यानात ठेवून मागे पाहिले, तर दोन-अडीच हजार वर्षांचा हा पसारा जरा नीट उलगडतो. या विषयात नवख्या वाचकाला तो एकदा डोळ्यांखालून घालता यावा, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांब केली आहे.

मूळ यहुदी उपासनेत आहे. लेवीयाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा विधी सांगितला आहे. बेखमीर पोळ्या, खमीर घातलेल्या भाकरी आणि बळीचे मांस. त्या मांसाबद्दल एक नियम आहे, की ते त्याच दिवशी खाऊन संपवायचे, सकाळपर्यंत काही उरू द्यायचे नाही. हा नियम मला फार बोलका वाटतो. अख्ख्या पशूचे मांस एका कुटुंबाला एका दिवसात संपणे कठीण. म्हणजे ज्याला देवाचे आभार मानायचे, त्याला शेजारपाजार बोलावावाच लागणार. आभार आणि पंगत ही जोडी इथे बांधली गेली आणि पुढे कधी सुटली नाही.

दुसरा धागा अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातला. पहिल्या पिकाची टोपली घेऊन शेतकरी याजकासमोर उभा राहतो. त्याने तिथे काय बोलायचे हेही ठरवून दिले आहे, आणि त्यात यंदा पाऊस कसा झाला याविषयी चकार शब्द नाही. आपला पूर्वज भटका होता, मिसर देशात आपण गुलाम होतो, आपला छळ झाला, आपण देवाला हाका मारल्या आणि त्याने आपल्याला बाहेर काढले, असा सगळा इतिहास त्याने टोपली ठेवताना सांगायचा. मग लेवी आणि उपरे यांच्यासह आनंद करायचा. म्हणजे आभार मानताना छळाची आठवण पुसायची नाही. ती आधी मोठ्याने सांगायची, टोपलीबद्दल बोलायचे ते नंतर.

आणि स्तोत्रसंहिता. आभाराच्या शाळेत ज्याला नाव घालायचे आहे त्याने आधी तिथे जावे. पण तिथे गेल्यावर पहिला धक्का बसतो तो गाऱ्हाण्यांचा. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे सरळसरळ आक्रोश आहेत. देव झोपला आहे का, त्याने तोंड का लपवले, हे अजून किती दिवस, असे प्रश्न तिथे बेधडक विचारले आहेत. त्यांतली बहुतेक स्तोत्रे शेवटाकडे स्तुतीला वळतात. अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते संग्रहातून कोणी काढून टाकले नाही. रोज आभार मानायचे म्हणजे रोज हसतमुख राहायचे, अशी समजूत आपल्या मंडळ्यांमध्ये खोलवर रुजली आहे. स्तोत्रे नीट वाचली तर ती टिकत नाही. ज्याच्यापुढे रडता येते त्याच्याशीच आभाराचे नाते खरे असते.

दानीएलाची गोष्ट लहानपणी रविवारच्या शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते, पण सिंहांच्या गुहेच्या थरारात तिच्यातला एक बारकावा निसटतो. प्रार्थनेवर बंदी घालणारा राजाचा हुकूम निघाला हे कळल्यावर दानीएल घरी जातो, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच असतात, आणि तो दिवसातून तीनदा गुडघे टेकून देवाचे आभार मानतो, पूर्वी मानत असे तसेच. संकट आले म्हणून त्याने नवे काही सुरू केले नाही. संकटाच्या दिवशी कामी आले ते आधीपासून अंगवळणी पडलेले होते.

पहिल्या शतकांतल्या मंडळीने हा वारसा जेवणाच्या मेजावर आणला. ‘डिडाखे’ नावाचे एक छोटे पुस्तक फिलोथेओस ब्रियेनियोस यांना १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल इथल्या एका हस्तलिखितात सापडले आणि १८८३ साली छापून आले. प्रेषितांच्या नंतरच्या पिढ्यांमधली मंडळी प्याला आणि भाकरी हातात घेऊन कोणत्या शब्दांत आभार मानत असे, हे त्यातून आपल्याला कळते. डोंगरांवर विखुरलेले धान्य एका भाकरीत गोळा व्हावे तशी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून गोळा होवो, असे मागणे त्या आभारातच आहे. साधारण १५५ साली जस्टिन मार्टर यांनी रोमी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती उपासनेचे जे वर्णन लिहिले, त्यात पुढारी बराच वेळ आभार मानतो, लोक ‘आमेन’ म्हणतात, जे आले नाहीत त्यांच्या घरी भाकरी पोचवली जाते, आणि ऐपत असलेले लोक अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे यांच्यासाठी पैसे ठेवतात. हे सगळे एकाच उपासनेत, एकापाठोपाठ. आज प्रभुभोजनाच्या किंवा मिस्साच्या वेळी आपण जे करतो त्याचा सांगाडा हाच आहे, पण त्यातले दारोदार जाणे बऱ्याच ठिकाणी गळून गेले आहे.

यानंतरचा इतिहास मी शाखांनुसार सांगतो, कारण रोजच्या कृतज्ञतेच्या ख्रिस्ती पद्धती या शाखांमध्येच घडल्या.

एक शाखा मठांची. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत दिवसाचे प्रहर स्तोत्रांनी बांधून टाकले. पहाटे स्तुती, संध्याकाळी पुन्हा स्तुती, मधल्या वेळी थोडे थांबणे आणि रात्री उठून प्रार्थना. जखऱ्याचे गीत सकाळी आणि मरियेचे गीत संध्याकाळी म्हणण्याचा कॅथॉलिक परिपाठ आजही चालू आहे. इथे मनाची अवस्था कोणी विचारत नाही. घंटा झाली की आभार मानायचे. हा कोरडेपणा वाटला तर वाटू दे, पण ज्यांनी दीर्घ आजारात किंवा शोकात दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे, की स्वतःचे शब्द आटतात तेव्हा बांधून दिलेले शब्द आपल्याला उचलून नेतात.

पूर्वेकडच्या मंडळ्यांची शाखा संत योहान क्रिसोस्तोम यांच्या मरणाशी जोडलेली आहे. कॉन्स्टँटिनोपलचे हे धर्माध्यक्ष श्रीमंतांच्या उधळपट्टीवर आणि गरिबांच्या उपासमारीवर उघड बोलत. ४०४ साली त्यांना हद्दपार केले गेले, आणि ४०७ साली सक्तीने चालवत नेत असताना कोमाना इथे ते वारले. सगळ्या गोष्टींसाठी देवाचे गौरव करत त्यांनी प्राण सोडला अशी परंपरा आहे. तेव्हापासून पूर्वेच्या प्रार्थनांमध्ये हा सूर वारंवार येतो. विसाव्या शतकात अलेक्झांडर श्मेमान यांनी याच परंपरेतून एक विचार मांडला, की माणूस हा मुळात आभार मानणारा प्राणी आहे. जग हातात घ्यावे, देवाला परत अर्पण करावे आणि मग खावे, हे त्याचे काम. आदामाची चूक नुसती मना केलेले फळ खाण्यात नव्हती, जग हे आपल्यासाठीच आहे असे समजून खाण्यात होती. १९६३ साली आलेले त्यांचे ‘फॉर द लाइफ ऑफ द वर्ल्ड’ हे पुस्तक छोटे आहे आणि जेवणाकडे पाहण्याची नजर बदलून टाकते.

असिसीच्या फ्रान्सिसचे नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांना भावंडे मानून देवाची स्तुती करणारे त्यांचे गीत आज पर्यावरणाच्या फलकांवर गोड चित्रांसह छापले जाते. ते १२२५ साली रचले गेले तेव्हा फ्रान्सिस सान दामियानो इथे आजारी पडून होते, डोळे जवळजवळ गेले होते आणि उजेड सहन होत नव्हता. ज्याला सूर्याकडे बघवत नाही त्याने सूर्यासाठी आभार मानले. मरण जवळ आल्यावर त्यांनी त्यात मरणासाठीही एक कडवे घातले.

मग लोयोलाचे इग्नाती. रोजच्या कृतज्ञतेला त्यांनी जेवढी नेमकी पद्धत दिली तेवढी क्वचितच कोणी दिली असेल. १५४८ साली मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’मध्ये दिवसाची झडती घेण्याचे पाच टप्पे आहेत, आणि त्यांतला पहिला आहे मिळालेल्या कृपादानांसाठी आभार मानणे. पापांची यादी त्याच्या नंतर येते. हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. जो आधी आपल्या चुका मोजायला बसतो तो स्वतःतच अडकतो. जो आधी देणाऱ्याकडे पाहतो त्याला आपल्या चुकाही देणाऱ्याच्या नजरेतून दिसतात. मार्च १५४२ मध्ये आपले सोबती सिमाँव रोद्रीगेश यांना लिहिलेल्या पत्रात इग्नातींनी कृतघ्नतेला सगळ्या पापांचे मूळ म्हटले आहे. पौलानेही रोमकरांस लिहिताना माणसाच्या घसरणीची सुरुवात इथेच दाखवली आहे: देव कळत असूनही त्यांनी त्याचे आभार मानले नाहीत. त्याच १५४२ च्या मे महिन्यात इग्नातींचे सोबती फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले, आणि रात्रीची ती झडती या किनाऱ्यावर आली.

धर्मसुधारणेच्या शाखेने आभार मठातून काढून घरात आणले. मार्टिन ल्यूथर यांच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना आहेत, जेवणाआधीची आणि नंतरची प्रार्थना आहे, आणि ही घरातल्या मुलांना व नोकरचाकरांना शिकवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर टाकली आहे. आपल्याकडे जेवणापूर्वी घरातले सगळ्यात लहान लेकरू हात जोडून पाठ केलेली प्रार्थना म्हणते, त्यामागे ही साखळी आहे. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली याहून पुढे गेली. तिचे भाग तीन आहेत, माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना ही दोन्ही तिने तिसऱ्या भागात घातली आहेत. खोटे न बोलणे, आईबापांना मान देणे, चोरी न करणे हे सगळेच आभार मानण्याचे प्रकार ठरले. तारण कमवायचे म्हणून चांगले वागायचे नाही, ते मिळालेच आहे म्हणून वागायचे, हा प्रॉटेस्टंट विचाराचा गाभा इतक्या सोप्या मांडणीत मी दुसरीकडे पाहिला नाही.

जर्मनीतच पुढे मार्टिन रिंकार्ट झाले. तीस वर्षांचे युद्ध चालू असताना ते आइलेनबुर्ग गावचे पाळक होते. १६३७ साली तिथे साथ आली. बरोबरचे पाळक मेले किंवा निघून गेले, आणि एकट्या रिंकार्ट यांनी चार हजारांहून अधिक माणसांना मूठमाती दिली. त्यांत त्यांची पत्नीही होती. जगभर गायले जाणारे एक आभारगीत याच माणसाचे आहे, आणि ते मुळात घरच्या जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी लिहिलेले होते. साथीच्या ढिगाऱ्यावर बसून त्यांनी ते रचले असे भाषणांतून सांगितले जाते. मला मात्र ताटावरची ही साधी प्रार्थना अधिक मोलाची वाटते, कारण रोजच्या ताटावर म्हणून म्हणून पक्के झालेले शब्दच माणूस मूठमातीच्या दिवसांत तोंडात धरू शकतो.

विसाव्या शतकात हे पुन्हा कसाला लागले. जर्मन पाळक डिट्रिख बोनहोफर यांनी नाझींच्या गेस्टापोने बंद पाडलेल्या फिंकेनवाल्डे इथल्या पाठशाळेच्या अनुभवावर लिहिलेले एक पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. मंडळी पुरेशी उत्साही नाही, माणसे हवी तशी नाहीत, अशी सतत तक्रार करणाऱ्या पाळकांना त्यांनी त्यात झापले आहे. मिळाली आहे त्या सोबतीसाठी रोज आभार न मानणारा देवाकडून मोठे काही कसे घेणार, असा त्यांचा प्रश्न आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिली गेली. कोरी टेन बूम यांची राव्हेन्सब्रुकच्या नाझी छावणीतली गोष्ट अनेकांनी प्रवचनात ऐकली असेल. त्यांची बहीण बेट्सी बराकीतल्या पिसवांसाठीही आभार मानायला सांगते, आणि नंतर कळते की पिसवांच्या भीतीने पहारेकरी आत येत नव्हते, म्हणून बायकांना शास्त्र वाचता आले. प्रवचनात ही गोष्ट ‘बघा, पिसवांचाही उपयोग झाला’ इथे संपते. पण बेट्सीने आभार मानले तेव्हा असा काही उपयोग तिला माहीत नव्हता. ती त्या छावणीतच वारली. उपयोग कळला नसता तरी तिचे आभार तेवढेच खरे राहिले असते.

आता आपल्याकडे येऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल इथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ देवाच्या नमनाने सुरू होतो. म्हणजे मराठीत ख्रिस्ती माणूस पहिल्यांदा एवढे लांब बोलला तो ओवीतून आणि नमनापासून. पुढे तीन शतकांनी नारायण वामन टिळकांनी अभंग हाती घेतला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला तुकोबांचे ऋण कधी लपवावेसे वाटले नाही, आणि त्यामुळेच ‘उपासना संगीत’ हातात घेऊन गाणाऱ्या मराठी मंडळीची स्तुती उसनी वाटत नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’त देवाच्या उपकारांचे स्वतंत्र प्रवचन शोधायला जाल तर फारसे मिळणार नाही. पण घरात शिधा नसताना पाहुणे येणे, अनाथ लेकरे घरची होणे, साथीच्या दिवसांत आजाऱ्यांची सेवा करणे, हे त्या इतक्या सहज सांगतात, की आभाराने जगणे म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

पंडिता रमाबाईंबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले, मग बहीण गेली. भूक काय असते हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरायला टेकलेल्या मुलींना घेऊन केडगावला आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. इतक्यांना उद्या काय घालायचे हे ठरलेले नसताना त्यांनी मुली आणल्या, विहिरी खणल्या, शेते केली. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मागे वळून देवाचे उपकार सांगतात तेव्हा ते वाचकाला पटतात, कारण भाकरी पुरण्याआधी त्यांनी पंगत बसवलेली होती.

शेतीशी बांधलेले आभार आपल्या किनाऱ्यावर अजून जिवंत आहेत. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. मुंबई, ठाणे, वसईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये नेतात आणि आशीर्वादित करून घरोघर देतात. घाटावरच्या मंडळ्यांत सुगीच्या सणाला ज्वारी-बाजरीची पोती, कोंबड्या, भोपळे वेदीपुढे येतात. मिझोरममध्ये याचे रोजचे रूप आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरची बाई त्यातली एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून चालत आलेल्या या मुठीने तिथल्या मंडळीची केवढी तरी कामे उभी राहिली आहेत. मुंबईच्या गावठाणांत मात्र शेतांवर इमारती आल्या. कणीस विकत आणून आशीर्वादित करावे लागते तेव्हा आभार कशाचे मानायचे, पगाराचे की सदनिकेचे, हा प्रश्न तिथल्या तरुणांना खरोखर पडतो आणि तो टाळण्यासारखा नाही.

आज या विषयावर लिहिण्याचे एक कारण हेच. दुसरे कारण असे, की कृतज्ञता आता बाजारात आली आहे. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी लिहिल्या, आणि पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटले. अभ्यास प्रामाणिक आहे आणि त्याचा राग मानण्याचे कारण नाही. पण त्यातून निघालेल्या वह्या आणि ॲप आभार मानायला सांगतात, कोणाचे ते सांगत नाहीत. झोप चांगली लागावी म्हणून मानलेले आभार झोप लागली नाही की सुटतात. याजकाकडे जाता जाता शुद्ध झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ जण दुःखी नक्कीच नव्हते. त्यांना आनंद झालाच असणार. मागे फिरून येशूच्या पायांशी आला तो एकटा शोमरोनी, आणि येशूने विचारपूस केली ती त्या नऊ जणांच्या न येण्याची.

तिसरे कारण आपल्या मंडळीच्या आतले आहे आणि ते बोलायला जड जाते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा मोठा भाग गावकुसाबाहेरून आलेला आहे. गावगाड्यात ज्याला शिळे तुकडे मिळत त्याला त्याबद्दल वाकून राहावे लागे. मालकाचे उपकार हे त्याच्या मानेवरचे जू होते. अशा माणसाला ‘सदा आभारी राहा’ म्हणताना सांगणाऱ्याने दहादा विचार करावा. अरविंद निर्मळ यांनी १९८०च्या दशकात दलित ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची मांडणी केली तेव्हा आधार घेतला तो अनुवादाच्या त्याच सव्विसाव्या अध्यायाचा, टोपली घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा. आपण कोण होतो, काय सोसले, हे देवासमोर सांगणे हा आभाराचाच भाग आहे, हे त्यांनी आपल्याला पुन्हा दाखवून दिले. देवाचे आभार मानणारा माणूस मालकापुढे वाकत नाही, कारण भाकरी कोणाकडून येते हे त्याला कळलेले असते. जी कृतज्ञता गरिबाला गप्प बसवते तिला ख्रिस्ती म्हणता येत नाही. याच न्यायाने, आभार मानाल तर गाडी-बंगला मिळेल असे सांगणारे मंचही मला मान्य नाहीत. ते आभाराला हप्ता करून टाकतात.

हा संग्रह या सगळ्याच्या मधोमध बसून केला आहे. शाखांचा इतिहास वर सांगितला खरा, पण पुस्तकाची रचना त्या क्रमाने नाही. संपादकांनी ती दिवसाच्या प्रहरांवर बेतली आहे: उठल्यावर, कामावर, जेवताना, आजाऱ्याच्या उशाशी आणि दिवा मालवताना. त्यामुळे क्रिसोस्तोम यांच्या शेजारी एखाद्या परिचारिकेचे टिपण येते आणि इग्नातींच्या झडतीनंतर ऊसतोडीला गेलेल्या बाईची साक्ष येते. कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट अशी वेगळी दालने ठेवलेली नाहीत. शब्दही ज्या त्या लेखकाचे राहू दिले आहेत, कोणी उपासना म्हणेल, कोणी मिस्सा. मराठी ख्रिस्ती वाचकाला आता दोन्ही शब्द परके राहिलेले नाहीत आणि राहू नयेत.

आभार मानल्यामुळे धंदा वाढला किंवा खटला जिंकला एवढाच ज्यांचा सांगावा होता, त्या साक्षी घेतल्या नाहीत. याउलट, ज्यांचे मागणे पुरे झाले नाही त्यांच्या साक्षी मुद्दाम मागवून घेतल्या. मूल न झालेली जोडपी, घरचे माणूस गेलेले लोक, पीक बुडालेले शेतकरी. त्यांतल्या काहींनी सरळ लिहिले आहे की अमुक महिने आभार मानणे जमले नाही. तेही तसेच छापले आहे. अशा ठिकाणी संपादकांनी पुढे उपदेश जोडलेला नाही, त्या जागी स्तोत्रसंहितेतले एखादे गाऱ्हाण्याचे स्तोत्र वाचायला सुचवले आहे.

पुस्तक हाती घेणाऱ्यांना एकच सांगायचे आहे. हे एका बैठकीत वाचून काढू नका. सकाळचा भाग सकाळी वाचा, रात्रीचा रात्री, आणि जेवणाचा भाग घरात मोठ्याने वाचा, लहानांकडूनही वाचून घ्या. आगेरा किंवा सुगीच्या सणाच्या आसपास मंडळीत एकत्र वाचायचे असेल तर त्या भागाच्या शेवटी काही प्रश्न दिले आहेत. त्यांतला पहिला प्रश्न, या आठवड्यात आपल्या ताटावर कोणाला बोलावले, हा आहे, आणि चर्चेची सुरुवात त्यानेच करावी.